टाकीचा तळ आणि कोळंबीचे आरोग्य
(अभ्यासपाठ : घरी, वर्गात किंवा वसतिगृहात मुलांना सोबत घेऊन करण्यासाठी)



या अंकातील अभ्यासासाठी एक फार लहान जीव घेतला आहे. शहरांतील मत्स्यालयाच्या दुकानांत बोटाच्या पेराएवढ्या लाल कोळंब्या विकायला असतात. त्यांना चेरी कोळंबी म्हणतात. मुलांना त्या फार आवडतात. घरात किंवा शाळेत हौसेने काचेची टाकी मांडली जाते, दहा-पंधरा कोळंब्या सोडल्या जातात आणि पुष्कळदा महिन्याभरात एकेक करून त्या मरतात. मग "हा जीवच नाजूक" असे म्हणून टाकी माळ्यावर जाते.

खरे तर चेरी कोळंबी तितकी नाजूक नाही. नीट ठेवली तर दहाच्या शंभर होतात. ती मरते ती बहुधा दोन कारणांनी : तिला गरजेपेक्षा जास्त खायला घातले जाते आणि तिची टाकी गरजेपेक्षा जास्त साफ केली जाते. दोन्ही कारणे चांगल्या मनातूनच येतात, म्हणून ती लवकर लक्षात येत नाहीत. कोळंबी तळावर राहते, तळावरचे खाते, तळावरच वाढते. तेव्हा तिचे आरोग्य राखायचे म्हणजे तळ राखायचा, आणि तो थोड्या थोड्या, नियमित कामाने राखायचा. हा या पाठाचा मुख्य मुद्दा आहे.

१. जीव ओळखून घेऊ

चेरी कोळंबीचे शास्त्रीय नाव निओकॅरिडिना डेव्हिडी. ती मूळची तैवान, पूर्व चीन व कोरिया या भागांतील गोड्या पाण्याची. रानातील कोळंबी मातकट, हिरवट किंवा जवळजवळ पारदर्शक असते. लाल रंग माणसाने पिढ्यान् पिढ्या निवड करून आणला आहे. पूर्ण वाढलेली कोळंबी अडीच ते तीन सेंटिमीटर भरते. आयुष्य साधारण १ ते २ वर्षे. मादी नरापेक्षा मोठी व अधिक लाल असते. ती २०-३० किंवा त्याहून जास्त अंडी पोटाखाली चिकटवून वागवते आणि पोहण्याच्या पायांनी त्यांना सतत वारा घालावा तसे पाणी घालत राहते. तीन ते चार आठवड्यांनी पिल्ले बाहेर पडतात. ती दोनेक मिलिमीटरची, पण हुबेहूब मोठ्या कोळंबीसारखी असतात आणि पहिल्या दिवसापासून तळावर चरू लागतात.

ती काय चरतात? वाळूच्या कणांवर, पानांवर, लाकडावर काही आठवड्यांत एक बुळबुळीत पातळ थर चढतो. त्यात जिवाणू, बारीक शेवाळ आणि डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. हेच कोळंबीचे रोजचे अन्न. आपण घालतो ते खाद्य म्हणजे जेवणाबरोबरचे तोंडीलावणे.

२. तळ तीन कामे करतो

पहिले काम वर सांगितले : तळ हे कोळंबीचे ताट आहे.

दुसरे काम सफाईचे. कोळंबीची विष्ठा, उरलेले खाद्य, सडलेली पाने यांतून अमोनिया तयार होतो. अमोनिया कोळंबीचे कल्ले जाळतो. वाळूच्या कणांवर आणि फिल्टरच्या स्पंजात राहणारे काही जिवाणू त्याचे नायट्राईट करतात. तेही विषारीच. मग दुसरे जिवाणू नायट्राईटचे नायट्रेट करतात. नायट्रेट बरेच सौम्य असते. ते वनस्पती शोषून घेतात आणि उरलेले पाणी बदलताना निघून जाते. हे जिवाणू पाण्यात तरंगत नसतात, पृष्ठभागाला चिकटून राहतात. म्हणून जो माणूस दर महिन्याला सगळी वाळू काढून नळाखाली घासून धुतो, तो मळाबरोबर टाकीचे सफाई कामगारही गटारात सोडतो. दोन दिवस टाकी आरशासारखी दिसते आणि तिसऱ्या दिवशी कोळंब्या मरू लागतात.

तिसरे काम पाण्याचा गुण ठरवण्याचे. काही दगड व माती पाण्यात विरघळून त्याचा सामू आणि जडपणा बदलतात. हे निवडीच्या वेळीच समजून घ्यावे लागते.

३. तळासाठी काय निवडावे

चेरी कोळंबीला सामू साडेसहा ते आठ यांमध्ये कुठेही चालतो. मात्र पाण्यात थोडा जडपणा हवा, कारण कवच बांधायला कॅल्शियम लागते. म्हणून तिच्यासाठी सर्वांत सोपा आणि स्वस्त तळ म्हणजे नदीची जाडसर वाळू किंवा १ ते ३ मिलिमीटरची बारीक खडी. काळ्या बसाल्ट दगडाची खडी उत्तम. ती पाण्याचा गुण फारसा बदलत नाही आणि गडद तळावर कोळंबीचा रंगही अधिक खुलतो. फार बारीक, पिठासारखी वाळू घेऊ नये. ती घट्ट बसते, आत पाणी खेळत नाही. धारदार कडांचे तुकडेही टाळावेत.

समुद्राच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो. तो हळूहळू विरघळून पाणी जड करीत राहतो. वाळू ओळखायची परीक्षा सोपी आहे आणि मुलांना आवडते. चमचाभर कोरड्या वाळूवर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस टाकावा. फेस आला तर तीत चुना आहे. जिथे पाणी मुळातच जड आहे तिथे अशी वाळू वापरू नये. कोकणात जांभ्याच्या भागातले पाणी पुष्कळदा फार मृदू असते. तिथे शिंपल्याचा एखादा स्वच्छ तुकडा टाकीत ठेवल्याने उलट फायदाच होतो. देशावर बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड असते. तिथे काही घालण्याची गरज नसते.

दुकानात 'सॉइल' नावाची भाजलेल्या मातीची गोळी मिळते. ती पाण्याचा सामू सातच्या खाली आणते. क्रिस्टल रेडसारख्या मृदू, आम्ल पाण्याच्या कोळंबीला तिची गरज असते. चेरीला नसते. ही माती महाग असते, सुरुवातीचे काही आठवडे स्वतःच अमोनिया सोडते आणि वर्ष-दोन वर्षांत तिचा गुण संपून तिचा चिखल होऊ लागतो. नवशिक्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

४. तळ कसा घालावा

४५ × ३० × ३० सेंटिमीटरची टाकी घेतली तर तीत सुमारे ४० लिटर पाणी मावते. तळ ३ सेंटिमीटर जाड हवा असेल तर ४५ × ३० × ३ म्हणजे ४०५० घन सेंटिमीटर, सुमारे ४ लिटर वाळू लागेल. कोरडी वाळू लिटरला साधारण दीड किलो भरते. म्हणजे ६ किलो पुरे. हे गणित मुलांकडूनच करून घ्यावे.

वाळू बादलीत घेऊन पाणी निवळ येईपर्यंत धुवावी. साबण किंवा डिटर्जंट मुळीच लावू नये. मुळे धरणारी झाडे लावायची नसतील तर दोन ते तीन सेंटिमीटर थर पुरेसा आहे. जितका थर जाड, तितका मळ खोल जाऊन बसतो. खोल आणि घट्ट तळात प्राणवायू पोहोचत नाही. तिथे वाळू काळी पडते आणि हलवली की कुजलेल्या अंड्यासारखा वास येतो. तो वायू कोळंबीला घातक आहे. असा डाग दिसला तर वाळू ढवळू नये. तेवढाच भाग नळीने ओढून काढावा.

वाळूवर एखादे दगडाचे किंवा पाण्यात बुडणाऱ्या लाकडाचे खोड ठेवावे. जावा मॉस किंवा हायड्रिला लावावी. मॉसच्या जाळीत पिल्ले लपतात व चरतात. शेताजवळच्या तळ्यातून झाड आणले तर दोन धोके असतात : एक फवारणीचे औषध आणि दुसरा चतुराची अळी, जी कोळंब्या धरून खाते. असे झाड आठ-दहा दिवस वेगळ्या बादलीत, रोज पाणी बदलून, नीट पाहूनच टाकीत घालावे.

५. सहा आठवड्यांची वाट

टाकी भरली, फिल्टर लावला, झाडे रोवली. आता कोळंबी आणायची घाई करू नये. सफाईचे जिवाणू जमायला चार ते सहा आठवडे लागतात. या काळात एखादे सुकलेले देशी बदामाचे पान आणि चिमूटभर खाद्य पाण्यात टाकावे, म्हणजे जिवाणूंना अन्न मिळते. दुकानात पाणी तपासण्याच्या पट्ट्या किंवा थेंबांचे किट मिळते. अमोनिया आणि नायट्राईट दोन्ही शून्य आणि नायट्रेट थोडे दिसू लागले की टाकी तयार झाली. दगडांवर बोट फिरवले असता बुळबुळीत लागले तर ताटही वाढले गेले आहे असे समजावे.

फिल्टर स्पंजचा घ्यावा. जोराने पाणी ओढणारा फिल्टर पिल्लांना आत खेचतो. वीज वारंवार जाणाऱ्या गावी कोळंब्या कमी आणि झाडे जास्त ठेवावीत. बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप जवळ असल्यास फारच बरे.

कोळंबी आणल्यावर पिशवी थेट टाकीत उलटी करू नये. त्यांना पिशवीतल्या पाण्यासह भांड्यात काढावे. टाकीतील पाणी बारीक नळीने थेंब थेंब त्यात पडू द्यावे. तास-दीड तासात पाणी दुप्पट-तिप्पट झाले की कोळंब्या जाळीने उचलून टाकीत सोडाव्यात.

६. खाद्य : हात आखडता ठेवावा

आठवड्यातून तीन-चार वेळा, आणि दोन-तीन तासांत संपेल एवढेच खाद्य द्यावे. उरले तर काढून घ्यावे. पालकाचे किंवा काकडीचे उकडलेले छोटे तुकडे चालतात. फवारलेल्या भाजीपासून सावध राहावे. शक्यतो परसातली भाजी घ्यावी. बदामाचे सुकलेले तपकिरी पान टाकीत नेहमी एखादे असू द्यावे. ते कुजता कुजता पिल्लांना आठवडेच्या आठवडे चारा पुरवते. हिरवे पान टाकू नये.

मुलांच्या टाकीत प्रत्येक जण येता-जाता चिमूट टाकतो. म्हणून खाद्याची डबी एकाच्याच ताब्यात असावी आणि भिंतीवर वार लिहिलेला कागद लावावा. दिले की खूण करावी. काचेवर पांढरे चपटे किडे सरपटताना दिसले तर ती खाद्य जास्त होत असल्याची पहिली सूचना आहे. औषध शोधण्याआधी खाद्य निम्मे करावे.

७. आठवड्याची निगा

दर आठवड्याला एक ठरलेला दिवस आणि अर्धा तास पुरतो. क्रम असा ठेवावा :

पहिले, पाच मिनिटे नुसते पाहावे. निरोगी कोळंबी सतत चिमट्यांनी तळ टिपत असते. सगळ्या पाण्याच्या वरच्या भागात किंवा फिल्टरवर चढून बसल्या असतील तर प्राणवायू कमी आहे किंवा अमोनिया वाढला आहे. सगळ्या निपचित असतील तरी काहीतरी बिघडले आहे. एखाद्या मादीने कात टाकल्यावर नर टाकीभर सैरावैरा पोहतात. त्याची मात्र काळजी करू नये.

दुसरे, एअर पंपाच्या बारीक नळीने तळावरचा मळ ओढून घ्यावा. नळी वाळूत खुपसू नये, वरून फिरवावी. एका वेळी तळाचा एक तृतीयांश भागच घ्यावा. या आठवड्यात डावा, पुढच्या आठवड्यात मधला, त्यानंतर उजवा. असे केल्याने तीन आठवड्यांत सगळा तळ साफ होतो आणि जिवाणूंची वस्ती कुठेच उठत नाही. काढलेले पाणी पांढऱ्या बादलीत घ्यावे आणि ओतण्यापूर्वी उजेडात पाहावे. त्यात पिल्ले असतातच. ती चमच्याने उचलून परत सोडावीत. हे काम मुले मन लावून करतात.

तिसरे, काढले तितकेच पाणी हळूहळू भरावे. ४० लिटरच्या टाकीला ३ ते ४ लिटर पुरे. नळाचे पाणी एक दिवस उघड्या भांड्यात ठेवले की त्यातील क्लोरीन उडून जातो. क्लोरामाइन वापरणाऱ्या शहरात मात्र एवढ्याने भागत नाही. तिथे मत्स्यालयाच्या दुकानातील पाणी शुद्ध करणारे द्रावण वापरावे. गावच्या विहिरीत टीसीएल पावडर टाकली असेल तर काही दिवस ते पाणी घेऊ नये. नव्या पाण्याचे तापमान टाकीइतकेच असावे.

चौथे, महिन्यातून एकदा स्पंज टाकीतून काढलेल्याच पाण्यात हलक्या हाताने पिळावा. नळाखाली धुऊ नये.

उन्हाळ्यात पाणी आटते, पण क्षार टाकीतच राहतात. आटलेल्या जागी पुन्हा जड पाणी घातले तर टाकी दर आठवड्याला अधिक जड होत जाते. म्हणून आटलेले पाणी भरून काढायला आरओचे किंवा स्वच्छ साठवलेले पावसाचे पाणी वापरावे. पहिल्या एक-दोन पावसांचे छपरावरचे पाणी घेऊ नये.

कोळंबीला २० ते २६ अंश तापमान मानवते. ३० च्या वर पाण्यातला प्राणवायू कमी होतो. टाकी उन्हापासून दूर ठेवावी, झाकण काढून जाळी लावावी आणि पाण्यावर छोटा पंखा सोडावा. एकदम बर्फ टाकू नये.

८. कात टाकण्याचा काळ

कोळंबीचे कवच वाढत नाही. म्हणून वाढीसाठी ती जुने कवच सोडून नवे घालते. पिल्ले वरचेवर, मोठ्या काही आठवड्यांनी कात टाकतात. त्या वेळी ती अगदी मऊ असते आणि लपून बसते. अशा वेळी तिला शोधून हुसकावू नये.

एकदम निम्मे पाणी बदलले तर पाण्यातील क्षार एकाएकी बदलतात, कोळंबी वेळेआधी कात टाकू लागते आणि कवच नीट न सुटल्यामुळे मरते. मानेमागे गोल पांढरी रेघ दिसली तर हेच घडले आहे असे बहुधा समजावे. म्हणून वर सांगितलेला दहावा हिस्सा हा नियम मोडू नये, टाकी कितीही मळकट वाटली तरी.

टाकलेली कात पारदर्शक व पोकळ असते. मेलेली कोळंबी शिजवल्यासारखी गुलाबी किंवा पांढुरकी दिसते. मेलेली लगेच काढावी. कात मात्र राहू द्यावी. कोळंब्या ती खातात आणि तिच्यातले कॅल्शियम पुन्हा कामी येते.

९. घरातली विषे

तांबे कोळंबीला अगदी थोड्या प्रमाणातही घातक आहे. तांब्याच्या हंड्यात साठवलेले पाणी टाकीत घालू नये. माशांच्या काही औषधांत तांबे असते. वेष्टन वाचल्याशिवाय कोणतेही औषध टाकू नये. शेतकरी घरात मोरचुदाचा किंवा बोर्डो मिश्रणाचा हात टाकीत जाऊ नये.

डास-झुरळ मारण्याचे फवारे कोळंबीला माशांपेक्षाही लवकर मारतात. खोलीत फवारणी होणार असेल तर टाकी दुसरीकडे न्यावी. ते शक्य नसेल तर एअर पंप बंद करून टाकी प्लास्टिकने घट्ट झाकावी, कारण पंप खोलीतली हवाच पाण्यात सोडतो. खोलीत हवा खेळून वास गेला की झाकण काढून पंप लगेच सुरू करावा. टाकीला हात लावण्याआधी साबण, तेल, मलम नीट धुऊन काढावे.

१०. ओढ्याची आठवण ठेवावी

कोळंब्या फार झाल्या किंवा हौस सरली म्हणून त्या ओढ्यात, तळ्यात किंवा विहिरीत सोडू नयेत. टाकीतले पाणी आणि झाडेही तिथे टाकू नयेत. पाणी परसातल्या झाडांना घालावे. ते चांगले खत आहे. चेरी कोळंबी परक्या पाण्यात सहज तग धरते. जर्मनीत आणि हवाई बेटांवर ती अशीच पसरलेली आढळली आहे. आपल्या सह्याद्रीच्या ओढ्यांत स्वतःच्या कोळंब्या आहेत, काही तर चेरीच्या जवळच्या नात्यातल्या. पावसाळ्यात पाड्यावरची माणसे याच ओढ्यांतून मासे, खेकडे आणि कोळंबी धरून घरची भाजी भागवतात. टाकीतून गेलेला परका जीव किंवा रोग त्यांच्या ताटापर्यंत पोहोचू शकतो. कोळंब्या जास्त झाल्या तर दुसऱ्या टाकीवाल्याला किंवा दुकानदाराला द्याव्यात.

उजळणीचे प्रश्न

१. टाकीची वाळू नळाखाली घासून धुतल्यावर दोन-तीन दिवसांनी कोळंब्या का मरतात?
२. तुमच्या भागातले पाणी जड आहे की मृदू? चमचाभर वाळूवर लिंबू पिळून पाहा. ती तुमच्या टाकीला योग्य आहे का?
३. ६० × ३० सेंटिमीटर तळाच्या टाकीत ३ सेंटिमीटर जाडीचा थर घालायला किती किलो वाळू लागेल?
४. उन्हाळ्यात आटलेल्या पाण्याच्या जागी बोअरचे पाणी का घालू नये?
५. कात आणि मेलेली कोळंबी यांतला फरक कसा ओळखाल?

कृती : वर्गात किंवा घरात टाकी असेल तर पुढील तीन महिने एक वही ठेवा. तारीख, खाद्य दिले की नाही, किती पाणी बदलले, तळाचा कोणता भाग साफ केला आणि अंडी वागवणाऱ्या माद्या किती दिसल्या, एवढेच लिहा. टाकी नसेल तर विकत घेण्याआधी मुलांबरोबर हा पाठ एकदा वाचा आणि दर आठवड्याचा अर्धा तास कोण देणार ते ठरवा. ते ठरले की मगच दुकानात जा.